याकोबकाकांची पंगत

दुपारी गोडाऊनमधली पोरं डबे उघडायला बसली, की याकोबकाका गेटवरून धावत येत. "थांबा! कुणी घास घ्यायचा न्हाई!"

काका आमचे वॉचमन. मी सुपरवायझर, पण त्या अर्ध्या तासात माझं कुणी ऐकत नसे. गोडाऊन म्हणजे मुळात बिशपसाहेबांचा बंगला आणि काका त्यांचे स्वयंपाकी. डोळे मिटून ते प्रार्थना सुरू करत. त्यात खालिदच्या टेम्पोचा क्लच यायचा, लातूरच्या संतोषचं न जमणारं लग्न यायचं. एकदा तर माझी मूळव्याधही चारचौघांत देवाच्या कानावर गेली. सगळ्यांनी खणखणीत 'आमेन' म्हटल्यावरच डब्याला हात लावायचा. तोवर भुकेनं जीव जायचा.

बिशपसाहेब गेल्यावर बंगल्यात आधी एका कंपनीचं ट्रेनिंग सेंटर आलं, मग मंगल कार्यालय, शेवटी आमचं गोडाऊन; काका मात्र वॉचमन म्हणून तिथंच राहिले. मंगल कार्यालयात काकांनी म्हणे वरपक्षाची पहिली पंगतच अडवून धरली होती. नवरदेवाचा मामा लालबुंद झाला, पण शेवटी आमेन म्हणूनच जेवला.

एकदा मी वैतागून विचारलं, "काका, हा काय हट्ट?"

"बिशपसाहेब मला चुलीपासून उठवून बोलवायचे. मी शेजारी येऊन बसल्याबिगर ताटाला हात लावायचे न्हाईत. कितीबी मोठे पावणे असू द्या, थांबायचे. मला आईबाप न्हवते, साहेब. माझ्यासाठी थांबणारं दुसरं कोण व्हतं?"

त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

यंदा बंगला पाडला. तिथं टॉवर होणार आहे. गोडाऊन चाकणला गेलं आणि काका पुनावळ्याला, मुलाच्या फ्लॅटमध्ये.

परवा भेटायला गेलो. मुलगा आणि सून, दोघंही शिफ्टला गेलेले. दुपार टळून गेली होती, तरी काकांचं ताट टेबलावर झाकलेलंच होतं. मला फार वाईट वाटलं.

"साहेब, चाकणला वॉचमन लागतो का? पगार नको मला. जेवायच्या सुट्टीपुरता येतो आन् जातो."

खोटं बोलवेना.

"काका, तिथं गेटवर कॅमेरे बसवलेत. आणि एकत्र सुट्टीही नसते आता. ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो उभ्या उभ्या डबा खातो."



"म्हंजे उपाशीच की वो पोरं," काका म्हणाले.