सुलभीकरण मंत्र्यांची पर्यायी बाई

फ्रान्स सरकारचे ग्रामीण सुलभीकरण मंत्री एद्गार द कूर्तांसोन यांना खासदार व्हायचं नव्हतं. म्हणून ते संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले.

यात विसंगत असं काहीच नाही. कायद्याप्रमाणे एकाच माणसाला मंत्री आणि खासदार दोन्ही राहता येत नाही. निवडून आलेल्या मंत्र्यानं महिन्याभरात आपली संसदेतली जागा पर्यायी उमेदवाराला द्यायची आणि पुन्हा मंत्रालयात जाऊन बसायचं. मात्र जो मंत्री हरेल त्यानं मंत्रिपदही सोडावं, असा दंडक आहे. थोडक्यात, नको असलेली जागा जिंकल्याशिवाय हवी असलेली टिकत नाही. मंत्रिमहोदयांच्या खात्याचं कामच मुळी असल्या गोष्टी लोकांना सोप्या करून सांगण्याचं होतं.

पक्षानं त्यांना ला रोशवेरचा डोंगराळ मतदारसंघ दिला. तो त्यांनी पूर्वी एकदा पाहिला होता, विमानाच्या डाव्या बाजूच्या खिडकीतून. आता फक्त एक पर्यायी उमेदवार हवा होता. तिथला असावा, स्त्री असावी आणि कुणाचाच शत्रू नसावा, असे निकष ठरले. त्यात अर्लेत मार्सियाक बरोबर बसली.

अर्लेत एकोणतीस वर्षं ला रोशवेरच्या गावकचेरीत सचिव होती. तीनशे बारा वस्तीच्या गावात जन्म, लग्न, मृत्यू आणि कुत्र्यांच्या तक्रारी यांची नोंद तीच करायची. चार वर्षांपूर्वी गावचा म्हातारा डॉक्टर दवाखाना बंद करून समुद्रकिनारी राहायला गेला, तेव्हापासून नवा डॉक्टर मिळावा म्हणून ती सुलभीकरण मंत्रालयाला पत्रं लिहीत होती. प्रत्येक पत्राला उत्तर यायचं. आपली मागणी योग्य त्या विभागाकडे सुलभ करून पाठवली आहे, असं त्यात असायचं.

मंत्र्यांच्या सल्लागार गिस्लेन आब्रियाल पॅरिसहून आल्या आणि थेट अर्लेतच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, करड्या सुटातल्या, आवाज अगदी मऊ. पर्यायी उमेदवाराला काय काय करावं लागतं, असं अर्लेतनं विचारलं.

"काही नाही," गिस्लेन म्हणाल्या. "तेच तर अवघड असतं, मादाम. भल्याभल्यांना जमत नाही. पण तुम्हाला प्रशासनाचा एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे."

अर्लेतला हे लागलं, पण तेवढ्यात गिस्लेननी संमतीचा अर्ज पुढे सरकवत तिला "मादाम खासदार" म्हटलं. सहज म्हटलं, पेन देता देता. तिला उभ्या आयुष्यात कुणी असं काही म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंही लग्नानंतर तिला फक्त "ऐक ना" अशीच हाक मारली होती. तिनं स्वतःच्या हातानं संमती लिहिली. मग मंत्र्यांचा उमेदवारी अर्जही तिनंच भरला, कारण नवा सुलभ नमुना अकरा पानांचा होता आणि तो त्यांच्याच खात्यानं काढलेला असल्यामुळे मंत्र्यांना तो भरता येईना.

आठवड्याभरात गावकचेरीबाहेरच्या पत्र्याच्या फलकांवर पोस्टर लागलं. त्यावर मंत्री दाराएवढे मोठे होते आणि त्यांच्या कोपराशी अर्लेत, टपाल तिकिटाएवढी. गाव तिला "मंत्र्यांची पर्यायी बाई" म्हणू लागलं. तिचा नवरा आर्मां गावच्या खानावळीत, बिस्त्रोत, बसून सांगायचा की मूळ बाई पॅरिसमध्ये असेल, आपल्याला काय करायचंय.

मंत्री पहिल्यांदा आले ते शनिवारच्या बाजारात. त्यांनी तीन प्रकारचं चीज चाखलं, एका गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि छायाचित्रकाराचं होईपर्यंत तो तसाच ठेवला. भाजीच्या टोपल्या मांडून बसलेल्या फेर्नांद बुइसू यांच्यापाशी ते थांबले. फेर्नांद एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांनी हात पुसून हस्तांदोलन केलं आणि विचारलं, निवडून दिलं तर तुम्ही आमच्यासाठी संसदेत बसाल ना.

मंत्री म्हणाले, त्याहून मोठी गोष्ट करीन, तुमच्यासाठी सरकारात बसेन.

"मग संसदेत कोण?"

"आपल्या अर्लेतताई."

"आणि तुम्ही पडलात तर?"

मंत्री किंचित हसले आणि म्हणाले की मग लोकशाहीच्या परंपरेला मान देऊन सरकारातून बाहेर पडावं लागेल.

फेर्नांदनी गाजरांची जुडी बांधता बांधता हिशोब लावला. "म्हणजे तुम्हाला मत दिलं तर आम्हाला अर्लेत मिळते. नाही दिलं तर तुमची नोकरी जाते."

आजूबाजूचे हसले. मग हसता हसता तेही हिशोब लावू लागले. ला रोशवेरच्या माणसांनी आजवर सरकारकडे पोस्ट मागितलं, बस मागितली, डॉक्टर मागितला, आणि प्रत्येक वेळी आपल्या हातात काही नाही हे त्यांना कळत गेलं होतं. आज प्रथमच हातात एक मंत्री होता.

पहिल्या फेरीत मंत्री दुसरे आले. शाळेची बस चालवणारे अपक्ष लुसियां पालोमिए चारशे मतांनी पुढे होते. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच न मिळाल्यामुळे दोघांत दुसरी फेरी पुढच्या रविवारी होती. मंत्र्यांच्या हाती सहा दिवस उरले होते.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडलं. सात वर्षं बंद होतं ते. निवडणुकीच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी कुठल्याही समारंभात दिसायचं नसतं, म्हणून फीत नाही, भाषण नाही, दोन माणसं आली, कुलूप तोडलं, काउंटरवर एक बाई बसवली आणि निघून गेली. मंगळवारी बसचा थांबा आला. या सगळ्याचा निवडणुकीशी काहीही संबंध नाही, असं पत्रकही सोबत आलं.

मग गावाला युक्ती सापडली. बेकरीवाल्या गास्तोंनं आयुष्यभर डोळे मिटून एकाच पक्षाला मत दिलं होतं. त्यानं पाव कापता कापता जाहीर केलं की या वेळी त्याचं काही ठरत नाहीये. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानासमोर गतिरोधक झाला. ते पाहून पाद्र्यांचंही काही ठरेना, आणि चर्चच्या छपरावर माणसं चढली. संध्याकाळपर्यंत ला रोशवेरमध्ये मन ठरलेला माणूस औषधालाही उरला नाही. माणसं एकमेकांना रस्त्यात थांबवून विचारायची, तुमचं ठरलं तर नाही ना, आणि समोरचा घाईघाईनं छातीवर हात ठेवायचा. पालोमिएंची सख्खी बहीण गिस्लेनना भेटून सांगून आली की रक्ताचं नातं वेगळं आणि लोकशाही वेगळी, आणि तिच्या अंगणातला विजेचा खांब मात्र फार पुढे आलाय.

शेजारच्या गावांनी हे पाहिलं आणि तीही डळमळीत झाली. मंत्री जेवढं देत गेले तेवढी त्यांची मतं कमी होत गेली. खात्री असलेल्या मतदाराला कुणी काही देत नाही, हे आता लहान मुलालाही कळलं होतं.

बुधवारी डॉक्टर आला.

डॉक्टर व्हेर्नेज हा सडपातळ, चाळिशीचा, कामसू माणूस होता. जुन्या शाळेच्या वर्गात त्यानं दवाखाना मांडला आणि चार दिवसांत सव्वाशे माणसं तपासली. चार वर्षं साठलेली दुखणी रांगेत उभी राहिली. फेर्नांदच्या छातीवर त्यानं बराच वेळ नळी ठेवली, पुन्हा ठेवली आणि मंगळवारी न चुकता यायला सांगितलं. यंत्र मागवलंय, हृदयाचा आलेख काढू, हे असं सोडून चालणार नाही, असं तो म्हणाला. आणखीही चाळीसेक जणांना त्यानं मंगळवारच बोलावलं होतं.

डॉक्टरबरोबर मंत्रालयाचा आदेशही आला होता. पाच पानांचा होता. अर्लेतनं तो सवयीनं शेवटपर्यंत वाचला. चौथ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं की सदर वैद्यकीय सेवा रविवार सायंकाळी आठ वाजेपर्यंत उपलब्ध राहील. दहा स्थानिक रहिवाशांनी शनिवारी दुपारी बारापूर्वी गावकचेरीत लेखी मागणी नोंदवल्यास ती तीन वर्षांनी वाढवण्यात येईल.

ती तशीच उठून गिस्लेनकडे गेली.

"हे लोकांना सांगायला हवं."

"अवश्य," गिस्लेन म्हणाल्या. "सूचनाफलकावर लावणं कायद्यानं बंधनकारकच आहे. ते कुणी वाचणं बंधनकारक नाही." मग आवाज आणखी मऊ करून त्या म्हणाल्या की डॉक्टर कायमचा मिळाला तर गावाला मंत्र्यांची गरज उरणार नाही, मंत्री पडतील, आणि मंत्री पडले तर संसदेत कोण जाणार नाही, याचाही मादाम खासदारांनी विचार करावा. एकदा संसदेत बसलात की एक काय, दहा डॉक्टर आणाल.

अर्लेतनं आदेश फलकावर लावला. डोळ्यांच्या उंचीवर, चौथं पान वर करून, चार टाचण्या मारून. यापुढचं काम तिचं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. हे वाक्य तिनं एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं, त्यामुळे ते तिला लगेच पटलं. शनिवारी सकाळभर ती काउंटरवर कोरा कागद आणि पेन ठेवून बसली. एक जण आला, त्याला कुत्र्याची तक्रार करायची होती. बारा वाजता तिनं कागद खणात टाकला आणि तिला हलकं वाटलं. तेवढ्यासाठी तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही, पण त्या दिवशी वाटलं खरं.

मंत्री एकोणीस मतांनी जिंकले.

रविवारी आठ वाजता, जूनचा उजेड अजून डोंगरावर असताना, डॉक्टर व्हेर्नेजनं बॅग भरली. सेवा संपल्याचं त्यालाही तेव्हाच कळलं होतं. मंगळवारी सकाळी चाळीस माणसं जुन्या शाळेसमोर रांगेत उभी राहिली आणि कुलूप पाहूनही दुपारपर्यंत उभीच राहिली, कारण नंबर लागलेले होते.

महिन्यानं अर्लेत संसदेत गेली. तिथं तिला सर्वांत वरच्या ओळीत जागा मिळाली. मतदान कसं करायचं ते तिला आधी सांगितलं जाई, आणि का करायचं ते विचारायची तिथं पद्धत नव्हती. तरी तिनं एक गोष्ट केली. ला रोशवेरला डॉक्टर का नाही, असा लेखी प्रश्न तिनं सुलभीकरण मंत्र्यांना विचारला. नियमाप्रमाणे दोन महिन्यांत उत्तर यायला हवं होतं. पाच महिने झाले.

तेवढ्यात सरकार पडलं. मंत्रिपद गेलेल्या मंत्र्याला त्याची खासदारकी महिन्याभरात आपोआप परत मिळते, हाही कायदाच आहे. मतदारांना पुन्हा त्रास नको म्हणून तो केलेला आहे. ज्यांना गावानं मंत्रिपदावर ठेवायला मत दिलं होतं तेच कूर्तांसोन आता गावाचे खासदार झाले, आणि अर्लेतचं टेबल रिकामं करून द्यायला शिपाई खोका घेऊन आला.

तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यानंतर आठवड्यानं आलं, अर्थात त्या मतदारसंघाच्या खासदारांच्या नावे. कूर्तांसोन यांनी ते उघडलं. ला रोशवेरमध्ये डॉक्टरची लेखी मागणी कुणी केल्याची नोंद नाही, सबब गरज सिद्ध होत नाही, असा मजकूर होता. खाली पद सोडण्याच्या आदल्या दिवशीची त्यांचीच सही होती. खासदार संतापले. असं असंवेदनशील उत्तर देणाऱ्यावर कारवाई व्हावी, असं पत्र त्यांनी मंत्रालयाला लिहिलं. ते योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आलं.

मार्चमध्ये अर्लेत गावी परतली. गावकचेरीत तिच्या जागी दुसरी बाई आली होती. लोक बोलायचे, पण जरा लांबून. डॉक्टरचं सगळं हिच्यामुळे झालं, हे बिस्त्रोत केव्हाच ठरून गेलं होतं. त्याबाबत मात्र कुणी डळमळीत नव्हतं.

एका दुपारी ती चर्चच्या मागच्या गल्लीतून चालली होती. फेर्नांद दारासमोर बाकावर शाल घेऊन बसल्या होत्या. हिवाळ्यात दोनदा त्यांना अठ्ठावन्न किलोमीटर लांबच्या इस्पितळात न्यावं लागलं होतं. आता त्यांना बाजारापर्यंत चालवत नव्हतं. ओठ निळसर दिसत होते. अर्लेत थांबली. पुढे जावं की काय, असं तिला वाटलं, पण ती बाकाजवळ गेली.

"मादाम बुइसू, मला माहीत होतं," ती म्हणाली. "आदेश मी वाचला होता. दहा सह्या हव्या होत्या. मी दारोदार फिरून सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

फेर्नांदना बोलायला आधी श्वास गोळा करावा लागत होता.

"अगं, मी पण वाचला होता," त्या म्हणाल्या. "चष्मा लावून वाचला. गास्तोंनं वाचला, पाद्र्यांनी वाचला. पालोमिएच्या बहिणीनं तर मला वाचून दाखवला. आम्ही म्हटलं, गावात तीनशे बारा माणसं आहेत. दहा जण तर जातीलच."

"मी शनिवारी बारापर्यंत कागद ठेवून बसले होते," अर्लेत म्हणाली.

"मी जाणार होते हो शनिवारी," फेर्नांद म्हणाल्या. "पण सरकारची माणसं हा बाक बसवायला यायची होती. म्हटलं, आपण घरी नसलो आणि ती परत गेली तर?"

त्यांनी शाल आवरली आणि सरकून शेजारी जागा केली. अर्लेत बसली. बाक चांगला भक्कम होता, पाठ टेकायलाही सोय होती.