भिवराबाईंची वाचा कचेरीत प्रकटली ते वर्तमान

श्रीगजवदन आणि वाग्देवता यांस नमन करोन, ऐकिले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, माघमासी ऐसे जाले की, राज्यातील अवघ्या कचेऱ्या काचेच्या पडद्यावर आल्या, आणि रयत घरबसल्या अर्ज करू लागली, मग राज्याचे धनी श्रीमंत यांस वाटले, आता दाद मिळाल्यावाचोन कोणी राहिले नाही. परंतु नदीकाठचे एके गावी भिवराबाई म्हणोन होत्या, जन्मापासोन न ऐकत, न बोलत. मुक्यांचे शाळेत हातांची भाषा शिकल्या, आणि तेथीलच दौलतराव त्यांचे भ्रतार जाले, तेही तैसेच, आणि उभयता हातांनी पोटभर बोलत. मग दौलतराव निवर्तले, आणि बाईंचे हात उगे राहिले. तेव्हा दीर तुळाजी याणे त्यांचे घर आपले नावे व्हावे ऐसा अर्ज पडद्यावर घातला, आणि संमती म्हणोन बाईंचे चलच्चित्र जोडिले. त्यात "घर दिरास देता काय?" ऐसा चित्राबाहेरोन तुळाजीचा आवाज येतो, आणि बाई मान डोलावितात.

सुभेदार रंभाजीराव बोलिले, "यंत्राने पाहिले, आम्ही पाहिले. आणखी काय पाहिजे?"

दिवाण अंबादासपंत म्हणाले, "बाईंस पुसावे, सरकार."

पंतांनी नुकतीच नवी युक्ती काढिली होती की, हातभाषा जाणणारे दुभाषी दूरदेशी बसावे आणि कचेरीतील पडद्यावर दिसावे. जुने कारकून हसले होते, "पंत, कचेरीत हातवारे करायचे काय?" मग बाई, दीर आणि शेजारी यांस कचेरीत आणविले, पडदा उजळला, आणि शंभर कोसांवरील उमाबाई दुभाषी दिसल्या, आणि त्यांणी हातांनी पुसिले, "बाई, काय जाले ते सांगा." मग भिवराबाईंचे हात उठले, आणि उमाबाईंचे मुखे शब्द निघाले, "भावजींनी बोटे तोंडाशी नेली, जेवलीस काय म्हणोन. मी जेवले होते. मान डोलाविली."

तुळाजी चाचरत म्हणाला, "सरकार, वहिनीची थट्टा केली." रंभाजीराव आसनावरोन उठोन उभे राहिले, जे कोणी कधी पाहिले नव्हते, आणि अर्ज रद्द करोन घर बाईंचे कायम केले, आणि मोठ्या अदबीने पुसिले, "बाईसाहेब, आणिक काही सांगणे?"

"आहे," बाई हातांनी म्हणाल्या. मग दौलतराव कैसे हसत, भांडण जाले म्हणजे कैसे पाठ फिरवोन बसत, जाते दिवशी काय म्हणाले, हे सर्व सांगो लागल्या, आणि उमाबाईंचा घसा बसला, आणि ऊन भिंतीवरोन उतरले, आणि शेजारी, जे आजवर 'मुकी' म्हणत आले, ते उभेच्या उभे ऐकत राहिले.

सारांश, पंतांची युक्ती एवढीशी, आणि राज्यास एक माणूस नव्याने ऐको आले. पुढे तो दुभाष्यांचा पडदा सर्व कचेऱ्यांत जाला. भिवराबाई आपले घरी आहेत.