मास्तरांचा मासा

थंडीचे दोन महिने तळ्यावरची मासेमारी बंद असते. या काळात मंडळाच्या सभासदांनी श्रमदान करायचं, असा नियम आहे. श्रमदान म्हणजे राखणदाराने लव्हाळी कापायची, काठ सावरायचा, फळ्यांना खिळे ठोकायचे आणि सभासदांनी थर्मासमधला चहा पीत "अजून जरा डावीकडे" म्हणायचं. यंदा मात्र खरंच काम निघालं. बांधाचं दार दुरुस्त करायला पाणी कमरेपर्यंत उतरवलं, तेव्हा मधोमध बुडालेलं एक जुनं झाड निम्मं वर आलं. त्यावर आठ पाणकावळे पंख पसरून बसले आणि कार्प माशांची पिल्लं बिनधास्त गिळू लागले.

"झाडच काढून टाकू," मास्तरांचा मेहुणा म्हणाला. ट्रॅक्टर त्याचा होता. "बसायला जागा नाही म्हटल्यावर जातील मुकाट्याने."

मास्तर मंडळाचे अध्यक्ष. बारा वर्षांपूर्वी एका प्रचंड कार्पने त्यांच्याशी दीड तास झुंज देऊन दोरी तोडली होती. मास्तर निवृत्त झाले, गुडघे गेले, शाळेतली पोरं ओळख विसरली, पण तळ्यावर अजून त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी केली जायची ती त्या माशामुळे. विश्वास नव्हता तो फक्त मेहुण्याचा. "दाजी, तो मासा पाहिला कुणी?" असं तो भर जेवणात बहिणीसमोर विचारायचा.

झाडाला साखळी बांधली. ट्रॅक्टर दोनदा रुतला, मेहुण्याचा एक बूट चिखलाने गिळला आणि उठवलेल्या पाणकावळ्यांनी वरून जाता जाता सभासदांचे कोट पांढरे करून ठेवले. तिसऱ्या हिसक्याला झाड काठावर आलं.

फांद्याफांद्यांना गळ लोंबत होते आणि प्रत्येक दोरीला पाण्यावर तरंगत ठेवायचं रंगवलेलं बूच होतं. दोऱ्या गुंतल्या तर भांडण नको म्हणून मंडळात ज्याने त्याने आपलं बूच आपल्या रंगात रंगवायचं असतं. सगळ्यात जाड फांदीला चार वेढे घालून एक पिवळं बूच बसलं होतं. त्यावर दोन काळे पट्टे.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "सापडला की तुमचा मासा!"

मास्तरांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. मासाच आहे असं त्यांना मनापासून वाटलं होतं. दीड तास आपण लाकडाशी झुंजलो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेहुणा ते बूच सगळ्यांना दाखवायला वळला, पण कुणाचं लक्षच नव्हतं. डॉक्टर एका हिरव्या बुचावर तळहात ठेवून उभे होते. शिंपी लाल बूच खिशात कोंबत होता. गळ बोटात रुतला तरी त्याने हूं की चूं केलं नाही. वकिलांची तर दोन होती. मग मेहुण्याला एक निळं बूच दिसलं. गेल्या वर्षी त्याचाही एक मासा सुटला होता आणि त्याच्या जोरावर त्याने सासरी बराच भाव खाल्ला होता.

मास्तरांनी घसा साफ केला. "मंडळी, मला एक कबूल करायचंय. तो मासा..."

"मास्तर, वारा गार आहे, तुम्ही बसा बघू," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पण माझं बूच..."

"माशाने तोडलं, वाहत आलं, अडकलं," शिंपी म्हणाला.

"चार वेढे घालून?"

"पाण्याचं काही सांगता येतं का?"

तळ्याचं पाणी वाहत नसतं, हे राखणदार सांगणार होता. वकिलांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"माझ्या मते झाड परत आत सोडावं," वकील म्हणाले. "बेडूक आहेत, खंड्या आहे, लहान माशांना आसरा लागतो."

"आणि पाणकावळे?" राखणदाराने विचारलं.

"त्यांनी काय हवा खाऊन जगायचं?"

मास्तर सोडून सगळ्यांचे हात वर झाले. पक्ष्यांच्या पायांत अडकू नयेत म्हणून गळ आणि दोऱ्या कापून काढल्या. बादली भरली. "ज्याचं त्याने घ्या," राखणदार म्हणाला, पण कुणीच पुढे झालं नाही. मेहुण्याने ट्रॅक्टरने झाड पुन्हा पाण्यात ढकललं.

मास्तर काठावर तोंड पाडून बसले होते. एका बुटावर लंगडत मेहुणा शेजारी येऊन टेकला.

"दाजी, मासा होता. आज मी स्वतः ताईला सांगतो. चाळीस किलोचा तरी असणार."

मास्तरांना दिवसभरात खरं बोलायची ही शेवटची संधी होती.

"चाळीस नाही रे," ते म्हणाले. "फार तर पंचवीस."