कुंजीर सरांचा स्टॉप क्लब

पाच वाजले हे कळायला आमच्या विभागात घड्याळ लागत नाही. कुंजीर सर उठतात. मीटिंग ऐन रंगात असो, प्राचार्य बोलत असोत, पुढ्यातला चहा अर्धा उरलेला असो. सर पिशवी खांद्याला लावतात, "चला, गाडी आहे," म्हणतात आणि निघतात. गंमत अशी, की सरांना कुठलीच गाडी पकडायची नसते. ते राहतात वारज्याला आणि त्यांची स्कूटर पार्किंगमध्ये लिंबाखाली उभी असते. मी कॉलेजात नवी होते तेव्हा मला वाटलं, कामचुकारपणाचा हा एखादा सभ्य प्रकार असावा. पुण्यात असे प्रकार पुष्कळ आहेत, आणि मी इथलीच असल्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदरही आहे.

आमचा विभाग संज्ञापनाचा, म्हणजे मुलांच्या भाषेत मास कॉम. मी बातमी लिहायला शिकवते, सर रेडिओ आणि निवेदन शिकवतात. शिकवणं हा आमच्याकडे तसा जोडधंदाच. खरं कॉलेज सुरू होतं ते तास संपल्यावर. फिल्म क्लब, फोटो क्लब, डिबेट क्लब, पॉडकास्ट क्लब, जाहिरातवाल्यांचा एक आणि या सगळ्यांचं वेळापत्रक जुळवणाऱ्यांचा आणखी एक. नोकरी द्यायला येणारे लोकही आधी विचारतात, कुठल्या क्लबात होतात? आणि हे सगळे क्लब भरतात संध्याकाळी. त्या वेळी लोणी काळभोरची, खडकवासल्याच्या पलीकडची मुलं बसच्या दांड्याला लटकलेली असतात. त्यांच्या बायोडेटात छंद या सदरात एकच शब्द असतो, वाचन.

एकदा माझी गाडी पंक्चर झाली म्हणून मी बसस्टॉपवर गेले, तर तिथे सर. भोवती चार-पाच मुलं आणि मधोमध एक मुलगी भाषण करत होती. विषय, मोबाइलमुळे माणूस एकटा पडला आहे काय. मागे सात-आठ माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. सर मुलीकडे बघतच नव्हते, त्यांचं लक्ष रस्त्याच्या वळणावर. मध्येच म्हणाले, "मुद्द्यावर ये, गाडी दिसली." मुलीने दोन वाक्यांत भाषण संपवलं आणि बसमध्ये चढली. बस गेली, सर शांतपणे पार्किंगकडे वळले.

हाच तो क्लब. कागदोपत्री नाव निवेदन मंडळ, मुलं म्हणतात स्टॉप क्लब. नियम एकच, बस येईपर्यंत बोलायचं. सरांचं म्हणणं, "बसइतका कडक परीक्षक नाही. कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बोलणाऱ्याने शेवट कायम खिशात ठेवावा." परीक्षक म्हणून स्टॉपवरची माणसंही होती. मेथीची पाटी घेऊन बसलेली एक आजी एका मुलाला म्हणाली, "बोलतूस चांगलं, पर माझ्याकडं बघून बोल की. मी काय खांब हाय?" निवेदनावर एवढं मोलाचं वाक्य अख्ख्या अभ्यासक्रमात नाही, असं सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं.

"मुद्द्यावर या, गाडी दिसली" हे मग सरांच्या तोंडात इतकं बसलं, की कुठेही निघायचं. निरोप समारंभात निघायचं. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा भटजींनाही त्यांनी हे ऐकवलं, आणि भटजी खरोखर दोन कडवी गाळून मोकळे झाले.

दरवर्षी पहिल्या मीटिंगला सर एकच मागणी करायचे. क्लब मधल्या सुट्टीत घ्या. आमच्या विभागप्रमुख देशमुख मॅडम गोड हसायच्या. "सर, मधल्या सुट्टीत मुलं जेवतात."

"मॅडम, जेवतानाच माणसं सगळ्यांत जास्त बोलतात."

"आवड असली की सवड मिळते, सर."

"सवड मिळते हो. गाडी मिळत नाही," सर म्हणायचे. तेवढ्यात पाच वाजायचे, सर उठायचे आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. मी दर वेळी मनात म्हणायचे, बरोबर बोलतोय हा माणूस. मोठ्याने कुणीच म्हणायचं नाही.

यंदा सायली होती. सायली काळभोर, शेवटच्या वर्षाची, लोणीची. स्टॉपवर दोन वर्षं बोलून बोलून त्या मुलीचा आवाज असा तयार झाला होता, की मागे ट्रकचा हॉर्न वाजला तरी तिचं वाक्य मोडायचं नाही. आमच्याच सभागृहात आंतरमहाविद्यालयीन निवेदन स्पर्धा ठरली, तेव्हा सरांनी मॅडमच्या मागे लागून तिचं नाव घालून घेतलं. त्यात मोठी गोष्ट अशी, की परीक्षकांत एका रेडिओ केंद्राच्या बाई होत्या आणि आवडलेल्या स्पर्धकाला त्या केंद्रावर शिकाऊ निवेदक म्हणून घेणार होत्या. सायलीला दुसरं काही नकोच होतं. तिने सरांना सांगितलं होतं, "सर, मला फक्त एकदा रेडिओच्या त्या खोलीत माइकसमोर बसायचंय."

स्पर्धा दुपारी दोनला होती. म्हणजे पत्रिकेवर दोन. प्रमुख पाहुणे हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, ते साडेतीनला आले आणि आल्यावर संधी या विषयावर बोलू लागले. संधी दार ठोठावते तेव्हा आपण जागेवर असलं पाहिजे, वगैरे. सर मागच्या रांगेत माझ्या शेजारी होते. ते पुटपुटले, "मुद्द्यावर या, गाडी दिसली." मी हसले. ते हसले नाहीत.

सायलीचा नंबर चिठ्ठीत शेवटून दुसरा निघाला होता. पाच वाजत आले तेव्हा सर उठून संयोजकांकडे गेले, तिचा नंबर वर घ्या म्हणाले. ते म्हणाले, आपलं यजमान कॉलेज आहे, क्रम बदलला तर बाहेरची मुलं ओरडतील. तेही खोटं नव्हतं. मग परत येऊन सरांनी सायलीच्या वडिलांना फोन लावला. मी स्वतः स्कूटरवरून घरी आणून सोडतो, म्हणाले. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "सर, तुमाला न्हाई म्हणवत न्हाई. पर साडेपाचच्या गाडीनं घरी यायचं, ह्या अटीवर तिच्या आज्यानं कॉलेजात जाऊ दिलंय. आज मोडली, तर उद्यापासनं मी कुणाकुणाचं तोंड धरू? तिलाच इचारा."

सरांनी फोन खाली घेतला आणि सायलीला म्हणाले, "तू सांग. मी काहीच बोलणार नाही."

तिने स्टेजकडे बघितलं. तिथे कुणीतरी पाऊसपाण्याच्या बातम्या वाचत होतं. "जाते सर," ती म्हणाली. "परीक्षा दोन महिन्यांवर आहे. ती तरी देऊ दे." सॅक उचलून ती बाजूच्या दाराने गेली. सर जागेवर बसून राहिले. पाच वाजून गेले तरी ते बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

नंबर आला. सूत्रसंचालन करणारा मुलगा म्हणाला, "सायली काळभोर. सायली काळभोर, लास्ट कॉल." कुणी उठलं नाही. मागून एक मुलगा बोलला, "फाटली वाटतं," आणि चार जण हसले. "ओके, ॲबसेंट," असं म्हणून सूत्रसंचालक पुढचं नाव घेणार, तोच सर उठले. सरळ स्टेजवर गेले आणि माइक हातात घेतला. इतकी वर्षं निवेदन शिकवणाऱ्या या माणसाला माइकवर बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"सायली काळभोर आली होती," सर म्हणाले. "एक वाजल्यापासून इथे होती, तयारीने आली होती. घरी जायची गाडी साडेपाचला असते म्हणून गेली. घाबरून गेलेली नाही. एवढं सांगायचं होतं."

सभागृहाला काय करावं कळेना. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवून बघितल्या. रेडिओच्या बाईंनी मान हलवली आणि कागद उलटला. न ऐकलेल्या आवाजाला गुण देणार तरी कसे?

आम्ही बाहेर पडलो. स्कूटर सोडून सरांचे पाय स्टॉपकडेच वळले, मीही गेले. स्टॉप रिकामा होता. मेथीची आजीसुद्धा घरी गेली होती.

"मीही लोणीचाच," सर म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी कधी विचारलंच नव्हतं. "अशीच स्पर्धा होती. नंबर यायच्या आत गाडीची वेळ झाली, मी गेलो. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर सगळे म्हणाले, पळपुट्या आला. शेवटच्या वर्षापर्यंत तेच नाव होतं माझं. चेष्टेनेच म्हणत हो, वाईट नव्हती पोरं. पण मग पुन्हा कधी स्टेजवर चढलो नाही. मला बक्षीस वगैरे नको होतं, मॅडम. कुणीतरी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की तो आला होता."

मी म्हटलं, "आज तुम्ही म्हणालात ना."

"म्हणालो. पण तिला बोलायला मिळालं नाही ते नाहीच," सर म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सायलीचा मेसेज होता. 'सर, बसायला जागा मिळाली. माझा नंबर आला का?'

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. एरवी मुद्द्यावर या म्हणून जगाला घाई करणारा माणूस एका ओळीसाठी स्टॉपवर कितीतरी वेळ उभा होता. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, बरोबर आहे का बघा म्हणून.

'आला होता. मी सगळ्यांना सांगितलं, तू आली होतीस.'