मगदूम सरांची हद्द

आमच्या स्टाफरूममधल्या टेबलावर मधोमध खडूची एक रेघ आहे. ती रेघ मगदूम सर रोज सकाळी स्वतः ओढतात. अलीकडे मी, पलीकडे ते. माझा डबा चुकून रेघेपलीकडे गेला, की सर पट्टीच्या टोकानं तो हळूच माझ्याकडे ढकलतात आणि म्हणतात, "चौगुले, अतिक्रमण."

एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, डब्यात कोल्हापुरी मटण आहे. तुमच्यासाठीच आणलंय."

"मग परवानगी घेऊन आत पाठवा," सर म्हणाले. मी परवानगी घेतली. झक मारत घेतली. मटण मात्र त्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

मगदूम सर आधी इंजिनियरिंगचा डिप्लोमा झालेले, मग वकिली शिकलेले, आणि दोन्हीत मन न रमल्यामुळे मास्तर झालेले. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलं, तेव्हा आमच्या कॉलेजनं 'कायदा आणि नगररचना' नावाचा मायनर विषय काढला. आयुष्यात पहिल्यांदाच सरांची दोन्ही शिक्षणं एकाच वेळी कामाला आली. ते इतके खूश झाले की प्राचार्यांना पेढे देऊन आले. मी मराठीचा माणूस. माझे तास कमी पडत होते म्हणून 'कायद्याची भाषा' शिकवायला मलाही त्या मायनरमध्ये ढकललं. पेढे मला कुणी विचारले नाहीत.

पोरं या विषयाला का येतात ते मला चांगलं ठाऊक आहे. तो तास वेळापत्रकात सोयीच्या जागी पडतो. कुणी केमिस्ट्रीचं, कुणी अकाउंट्सचं, कुणी इतिहासाचं. पहिल्या तासाला सर सगळ्यांना सांगतात, "कायदा नसलेलं शहर म्हंजे जत्रा, आणि शहर न बघितलेला कायदा म्हंजे रद्दी. चला, उठा, भाईर चला." आणि वर्ग रस्त्यावर.

सरांच्या खिशात पेन नसेल, पण स्टीलची टेप हटकून असते. फूटपाथवर कुणी मोटारसायकल लावली असेल, तर सर तिच्यामागे जाऊन उभे राहतात. मालक येईपर्यंत उभे. मालक म्हणतो, "पावणं, बाजूनं जावा की." सर म्हणतात, "रस्ता गाड्यांचा हाय. फूटपाथ माझा हाय. तुमी बाजूनं जावा." मिसळ खायला गेलो तर आधी दुकानाचं बाकडं रस्त्यात किती आलंय ते मोजणार, दुकानदाराला सुनावणार, आणि मग त्याच बाकड्यावर न बसता उभ्यानं मिसळ खाणार. कट जास्त मागणार. दुकानदारही आता सवयीनं टेपचं दुसरं टोक धरतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळत नसे. संध्याकाळ व्हायला लागली की मीटिंग असो, निरोपसमारंभ असो, सर पिशवी उचलायचे. "मला जाया पायजे. घरात वाट बघत्यात." आता सरांची मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. शिवाजी पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांत एकटा माणूस. वाट कोण बघणार, डोंबल? आमच्यातल्या काही आगाऊ लोकांनी त्यावर बरेच तर्क केले. सगळ्यात आगाऊ मीच होतो.

उत्तर मिळालं ते पोरांच्या प्रकल्पामुळे. सरांनी काम दिलं होतं: शहरातली एक गल्ली निवडा, सिटी सर्व्हेचा नकाशा घ्या, प्रत्यक्ष मोजणी करा, अतिक्रमण शोधा आणि त्यावर कायदेशीर उपाय सांगा. सादरीकरण त्याच गल्लीत, लोकांसमोर. पोरांनी निवडली नेमकी सरांचीच गल्ली. चहा मिळेल एवढाच हिशेब होता. सर म्हणाले, "निवडा की. कायद्यापुढं मास्तर काय वेगळा न्हाय."

सादरीकरणाच्या दिवशी मीही गेलो. पोरांची म्होरकी पूर्वा, बॉटनीची, भलती चुणचुणीत. तिनं कुणाची पायरी, कुणाचं न्हाणीघर, सगळं मांडलं. सर मान डोलवत होते. मग तिनं डोळे मोठे केले. "आणि सर, सगळ्यात मोठं शेवटाला ठेवलंय. तुमच्यासाठी सरप्राईज."

सरांच्या आणि शेजारच्या हौसाक्कांच्या घराच्या भिंतीला लागून एक दगडी कट्टा आहे. हौसाक्का म्हणजे सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच राहणाऱ्या बाई. त्या नेहमीप्रमाणे कट्ट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. पूर्वानं नकाशा बघून कट्ट्यावर खडूनं रेघ ओढली. "सर, ह्या रेघेच्या अलीकडचा निम्मा कट्टा तुमच्या जागेत येतोय. तुमच्यावरच अतिक्रमण झालंय! आणि आक्का बसल्यात ती जागा बी तुमच्याच हद्दीत. एवढा भाग पाडून घ्यायचा. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचा, फक्त तुमची सही पाहिजे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांची जमीन परत मिळवून दिली, आता पैकीच्या पैकी मार्क.

हौसाक्कांचा हात सुपातच थांबला. त्या गडबडीनं उठल्या. "आगं बया! मास्तर, मी तुमच्या जाग्यात बसतोय व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाय." सूप घेऊन त्या रेघेपलीकडे जाऊन बसल्या, अंग चोरून. एवढ्याशा कट्ट्यासाठी म्हातारीला चोरासारखं वाटायला लागलं होतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. "पर कट्टा कुणी बांधला, इचारलंसा?"

पोरं नकाशा उलटापालटा करून बघायला लागली.

"गवंडी मी आणलाता. आमची मंडळी रोज सांजच्याला आक्कांच्या दारात गप्पा मारत बसायची. मी म्हणलं, दुसऱ्याच्या हद्दीत असं रोज बसणं बरं न्हवं. मग ह्यो कट्टा बांधून घेतला. निम्मा तिकडं, निम्मा हिकडं. दोघी आपापल्या हद्दीत बसतील."

पोरं खो खो हसली. मीही हसलो. असला माणूस बायकोच्या गप्पांचीही मोजणी करणार, यात नवल ते काय!

हौसाक्कांनी पदरानं डोळे टिपले, पण त्याही हसत होत्या. "लई द्वाड बाई. मास्तर दिसलं की मुद्दाम माझ्याकडं सरकून बसायची. म्हणायची, बघू काय करत्यात."

"मग अतिक्रमण न्हाई," पूर्वा हिरमुसली. पण पोरगी सरांच्याच हाताखाली शिकलेली. लगेच म्हणाली, "पण सर, कट्टा तुमचा असला तरी त्यावर बसतात आक्का. तो प्रश्न राहतोच की."

सरांनी घड्याळात बघितलं. "तास संपला," ते म्हणाले. "जावा घरला."

पोरं गेली. संध्याकाळ व्हायला लागली होती, मी चहासाठी थांबलो. स्वयंपाकघर पुढच्या बाजूलाच आहे आणि त्याची खिडकी कट्ट्याच्या अलीकडच्या, सरांच्या निम्म्यावर उघडते. सरांनी भांडं गॅसवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर हौसाक्का रेघेपलीकडे, आपल्या हद्दीत, तांदूळ निवडत होत्या. पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलल्याही. सरांनी कान पुढे केला. चहा उतू जायला आला, मीच उठून गॅस बंद केला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"रोज ह्या टायमाला इचारत्यात," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "मास्तर, आज काय केलंसा जेवायला. मग मी सांगतो. मग त्या सांगत्यात, मीठ बेतानं घाला."

मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. टेप खिशातच होती.

"आक्का," ते ओरडले, "जरा हिकडं सरकून बसा की. तितनं तुमचं ऐकू येत न्हाय मला."