वहिनींची कुठली तारीख धरायची?

आमच्या मंगलवहिनींना नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत शंभरपैकी एक्क्याऐंशी मार्क पडले. आता हे वाक्य विसरून जा. वहिनी परीक्षेला बसल्या नव्हत्या, त्यांनी अभ्यास केला नव्हता आणि त्यांचा फॉर्म मी भरला नव्हता. कुणी विचारलं तर आपलं बोलणंही झालेलं नाही.

जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

वेल्ह्यात तहसील कचेरीसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. 'पप्पूच्या हातून गेलेला फॉर्म परत येत नाही' असं मी बोर्डावरच रंगवून घेतलंय. हे खरं आहे. माणसं परत येतात, रडत येतात, पण फॉर्म येत नाही.

मंगलवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गोरखदादाची बायको. अकरा वर्षं त्या आमच्या गावच्या आशाताई आहेत. पोटुशी बाई दवाखान्यात पोचवायची हे त्यांचं मुख्य काम. जीपवाल्याला अंथरुणातून उठवायचं, बाईचा हात धरून घाटातली वळणं मोजायची, आणि दवाखान्यात पोचलं की आतून आवाज येतो, "आशाताई, तुम्ही बाहेर थांबा." मग दार लागतं. अकरा वर्षांत त्या दाराला तीनदा रंग दिलेला वहिनींनी पाहिलाय. दारामागं काय चालतं ते मात्र पाहिलेलं नाही.

एक दिवस त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मला त्या दाराच्या आत जायचंय. फॉर्म भरा."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "दहा मिनिटं बसा."

नर्सिंगला वयाची अट होती. डिसेंबरअखेर पस्तीस पूर्ण झालेली नकोत. वहिनींच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून एकोणीसशे नव्वद. म्हणजे पस्तीस जूनमध्येच पूर्ण होत होती. कॉम्प्युटरनं लाल अक्षरात नको म्हणून सांगितलं.

"पण मी भात झोडणीत जन्मले," वहिनी म्हणाल्या. "आई खळ्यावरनं उठून गेली व्हती, असं सांगायची. जूनमधी कुठं भात झोडत्यात?"

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या माहेरी पालीला गेलो. भरल्या जीपमधून, राजगडावर निघालेल्या पोरांच्या सॅका मांडीवर घेऊन गेलो, पण गेलो. ग्रामपंचायतीचं जुनं जन्माचं रजिस्टर काढायला लावलं, झुरळं झटकली, आणि सापडलं. सत्तावीस नोव्हेंबर एकोणीसशे एक्क्याण्णव. स्त्री. बापाचं नाव चिमाजी. शिक्क्याचा दाखला घेतला, कॉम्प्युटरला दाखवला. चौतीस. फॉर्म पुढं सरकला.

पुढं तो आडनावावर अडला. बारावीपर्यंत माहेरचं, आता सासरचं, तर लग्नाचा दाखला जोडा. आमच्या तालुक्यानंही नुकतंच नाव बदललं, वेल्ह्याचं राजगड झालं. त्याला कुणी लग्नाचा दाखला मागितला नाही. वहिनींना मागितला. लग्न झालेलं दोन हजार नऊच्या मे महिन्यात, आणि नोंद कुणी केलेलीच नव्हती. मी शाळेचा दाखला जोडून तीही नोंद दोन दिवसांत करून आणली. तीन कागद एका पिशवीत घातले. एवढं चोख काम मी स्वतःसाठीसुद्धा कधी केलं नव्हतं.

मग अभ्यास सुरू झाला. वहिनींना वाचत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी सगळे प्रश्न आणि पर्याय मोबाईलवर बोलून ठेवले. त्या भाकरी थापताना ऐकायच्या, गोळ्या वाटत हिंडताना ऐकायच्या. त्यांच्यासोबत सगळं घर ऐकायचं. महिन्याभरात घरात साधं बोलणं बंद झालं. दादानं विचारलं, "आज कालवण काय?" तर आमची आई, सगुणाबाई, शेणाचे हात धूत म्हणायची, "अ, वांगं. ब, वांगं. क, काल उरल्यालं वांगं. ड, वरीलपैकी सर्व."

आईला अक्षर येत नाही. पण माणसाच्या अंगात हाडं किती, हे ती म्हशीलासुद्धा विचारायची. म्हैस चुकली की स्वतः सांगायची, दोनशे सहा. सुनेपेक्षा सासूची तयारी जास्त झाली होती.

वहिनींनी पुण्याला जाऊन परीक्षा दिली. जे मार्क मी तुम्हाला सांगितलेले नाहीत तेवढे पडले. नर्सिंग कॉलेजात जागा लागली. आईनं आळीत पेढे वाटले आणि प्रत्येकीला सांगितलं, "मीच घेतला अभ्यास."

राहिली होती फक्त कागदांची तपासणी.

तपासणीला एक मॅडम होत्या. आवाज शांत. असल्या शांत आवाजाचं गिऱ्हाईक माझ्या बोलण्याला भुलत नाही, दुकानातून सरळ परत जातं. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मी ते आजवर एकावर एक ठेवले होते. तिथंच चुकलं.

"या दोन तारखा वेगळ्या का?"

"मॅडम, जन्माचा दाखला खरा," मी पुढं झालो. "शाळेत गुरुजींनी अंदाजानं लिहिलंय."

"म्हणजे जन्म नोव्हेंबर एक्क्याण्णव. नक्की?"

"शंभर टक्के."

"आणि लग्न मे दोन हजार नऊ."

"शंभर टक्के. मी स्वतः जेवलोय त्या लग्नात. चौथीत होतो."

मॅडमनी बोटांवर मोजलं. "सतरा वर्षं पाच महिने. हा बालविवाह झाला."

मी लगेच बाजू बदलली. "मग शाळेचा दाखला खरा धरा."

"मग यांना पस्तीस पूर्ण होतात. जागा रद्द."

"शिक्षणाला ही धरा, लग्नाला ती धरा."

"बाई एकच आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस देते. कुठली तारीख धरायची ते लिहून आणा. नोव्हेंबर धरलीत तर मला हे पुढं पाठवावं लागेल. तुमच्या गावच्या बालसंरक्षण समितीकडं. ते चौकशी करून अहवाल देतील, मग प्रवेश."

"त्या समितीत मी हाय," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. समितीत आशाताई असतेच, हे त्यांना माहीत असणार. पण असं समोर येऊन कुणी बसलं नसणार.

"मग सोपंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच चौकशी करा."

घरी सांगितल्यावर आईनं पिशवी काढली. त्यात दोन लुगडी, मिश्रीची डबी आणि चार भाकऱ्या बांधल्या आणि ओट्यावर जाऊन पोलिसांची वाट बघत बसली.

"आई, कोण नेत नाही तुला," मी म्हणालो.

"लगीन म्या जमवलं. मलाच नेतील." मग जरा विचार करून म्हणाली, "जेलात भाकरी देत्यात का भात?"

गोरखदादा शांत माणूस. टेम्पो चालवून चालवून त्याला रस्त्याबाहेरचं काही सुचत नाही. त्यानं एकच उपाय सांगितला, "आपण आता परत लगीन करू. आजची तारीख टाकू. हिचं वय बसतंय."

"दादा, तुझी शेफाली नववीत आहे. लग्नाआधी चौदा वर्षं झालेली पोरगी कागदावर दिसंल. ती कुठं लपवू?"

दादा टेम्पो धुवायला गेला. तो धुतलेलाच होता.

वहिनींनी मात्र चौकशीचा छापील नमुना काढला. समितीच्या बाकी माणसांना भात लावणीतनं फुरसत नव्हती. तुमचं तुमी बघा, म्हणाले. वहिनी ओट्यावर आईसमोर बसल्या. सासूला त्या आत्या म्हणतात, पण त्या दिवशी नमुन्यातलंच वाचत होत्या.

"लग्न ठरवताना मुलीच्या वयाची खात्री केली व्हती का?"

"शाळेचा दाखला बघितला की. तुझ्या बापानं दाखवला."

"मुलीची संमती घेतली व्हती का?"

"म्हंजे?"

"मुलीला इचारलं व्हतं का?"

"कुणाला इचारायचं? तूच व्हतीस की."

"मग मला इचारलं व्हतं का?"

आईनं पिशवीचं तोंड आवळलं. "तू खाली मान घालून बसली व्हतीस. आमी म्हणलं, पोरीला पसंत हाय."

"ती संमती नसती, आत्या."

"मग तवाच बोलायचं न्हाई का गं." आईचा आवाज बारीक झाला. "आता सोळा वर्सांनी लिवून घेतीस."

वहिनींनी लिहिलं नाही. नमुन्यावर पुढचा रकाना होता: विवाहास जबाबदार व्यक्तीचे नाव. पेन त्या रकान्यावर टेकवून त्या बसल्या. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग उठून म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

मला वाटलं, मूळ चूक गुरुजींची, तर सगळं खापर गुरुजींवर फुटलं तर आई सुटेल. त्यांना गाठायला मी आणि वहिनी नसरापूरला एसटी बदलून भोरला गेलो. गंगाधर गुरुजी रिटायर होऊन तिथं राहतात. ऐंशी पार केलेत. वहिनींनी पाया पडून नाव सांगितल्यावर ते खुर्चीत सरळ झाले.

"चिमाजीची मंगल? पहिल्या रांगेत अंगठा चोखत बसायचीस."

"गुरुजी, माझी तारीख एक जून कशी लागली?"

"सगळ्यांचीच लावली मी. शाळा जूनला उघडते, मूल जूनला जन्मतं. हिशेब सोपा." ते समाधानानं म्हणाले, "माझ्या शाळेत पंचवीस वर्षांत एकही मूल थंडीत जन्मलं नाही."

"पण साल?" मी विचारलं. "सालही बदललंय."

"शहाण्णव साल. पट एकोणीस होता. वीस नसती भरली, तर वरून दुसरा शिक्षक काढून नेणार होते. मी घरोघर फिरलो. ही अंगणात खेळत होती. साडेचारची असेल. मी चिमाजीला म्हणालो, पोरीला सहाची करतो, तुझं काय जातंय? शिक्षक राहिला. पुढं चौदा वर्षं शाळा दोन शिक्षकी चालली. हिच्यामुळं."

त्यांना खरंच अभिमान वाटत होता. आणि तो चुकीचा होता असं मला म्हणता येईना.

"मी लिहून देतो हवं तर," ते म्हणाले, आणि लिहूनही दिलं. चूक माझी, तारीख माझी, पोरीचा दोष नाही. वळणदार अक्षर. वहिनींनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

परतीच्या एसटीत मी खुशीत होतो. "आता नोव्हेंबर धरायची. गुरुजींचं पत्र जोडायचं, काम झालं."

"जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात काय लिवू?" वहिनींनी विचारलं.

"गुरुजींचं नाव लिहा."

"गुरुजींनी वय लिवलं. लगीन न्हाई लावलं."

"मग रिकामा सोडा."

"भावजी, मीच गावाला शिकवते, की रकाना रिकामा सोडायचा न्हाई."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर काही नव्हतं, नेहमीचंच शेत होतं. "आत्यांना कोण न्हेणार न्हाई, हे मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर त्यांचं नाव त्या रकान्यात माझ्या अक्षरात जायचं. आणि तो कागद पुढं त्यांच्या मागं ऱ्हायचा. ज्यांनी म्हशीपुढं हाडं मोजून माझा अभ्यास घेतला."

यावर माझ्याकडं चार पर्याय होते. एकही बरोबर नव्हता.

आठव्या दिवशी मॅडमनी विचारलं, "कुठली तारीख धरायची?"

"एक जून," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. मग त्यांनी जागेवर लाल रेघ मारली, परीक्षा बाद झाली असा शिक्का मारला आणि वहिनींना पाणी दिलं. आईनं त्याच दिवशी पिशवी सोडली. भाकऱ्या केव्हाच वाळल्या होत्या, त्या म्हशीला घातल्या.

वहिनी परवाही कुणाला तरी घेऊन दवाखान्यात गेल्या. बाहेर थांबल्या.

माझ्या तिन्ही कागदांपैकी दोन खरी माहिती शोधून आणलेले होते आणि एकच जुना खोटा होता. एवढ्या मेहनतीनं मी दुसऱ्या कुणाचं वाटोळं केलेलं मला आठवत नाही. म्हणून वहिनींच्या वतीनं एक अर्ज केलाय. पोच मिळाली आहे. नक्कल खाली देतो.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (जे कोणी असतील ते) यांस,

विषय : अर्जदाराकडून घेतलेले वय परत मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, शासनाच्या शाळेचा पट भरणेकामी सन १९९६ मध्ये सौ. मंगल यांच्या वयात एक वर्ष, पाच महिने व सव्वीस दिवस इतकी वाढ करण्यात आली होती. सदर काम पूर्ण झाले असून शिक्षकही निवृत्त झाले आहेत. तरी सदर कालावधी अर्जदारास परत करून त्यांच्या वयातून वजा करण्यात यावा. वजावट करताना ती विवाहाच्या तारखेनंतरच्या आयुष्यातूनच करावी, त्याआधीच्या आयुष्यास हात लावू नये, ही नम्र विनंती.