वग्दीची चौकशी

मुलीचा बाप नवऱ्या मुलाच्या गल्लीतल्या कॉफीखान्यात येऊन त्याची चौकशी करणार, हे कैरोत ठरलेलंच. इनासचं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून वग्दीने सकाळीच तिथल्या सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. बोलणी बायकांनीच केलेली, त्यामुळे तिच्या वडिलांनी त्याला अजून पाहिलं नव्हतं. पण संध्याकाळी येणारे हे गृहस्थ दुपारीच उगवले, आणि वग्दी तिथेच हुक्का ओढत बसलेला.

"वग्दी ना? सोन्यासारखा पोरगा," मालक फर्गली म्हणाले. "या दारात कधी पाऊल टाकलं नाही त्यानं."

"हुक्का वगैरे?"

"नाव काढू नका. धुरानं ठसका लागतो त्याला."

वग्दीने ठसका कसाबसा गिळला. आता 'तो मीच' म्हणायची सोय उरली नव्हती. त्यात म्हातारा नेमका त्याच्याच टेबलाशी येऊन टेकला.

"नाव काय तुमचं?"

"सामेह," वग्दीने थाप मारली.

"सोंगट्या खेळता?"

सासरा होणारा माणूस, म्हणून मुकाट हरायचं असं वग्दीने ठरवलं. पण म्हातारा फाशांवर पाच पडले की बिनदिक्कत सहा घरं जाई. दोनदा त्याने सोसलं, तिसऱ्यांदा जीभ सुटलीच.

"काका, आमच्या डोळ्यांत धूळ फेकताय होय? घ्या ती सोंगटी मागे."

फर्गलींनी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने मात्र हसत सोंगटी मागे घेतली आणि दुसरा डाव मांडला. मग तिसरा.

"खरं सांगू सामेह," तो हळूच म्हणाला, "तो वग्दी काही मला पसंत नाही. ना हुक्का, ना डाव. असल्या साधुपुरुषाशी मी जन्मभर बोलू काय? नकार कळवतो. तुमचं लग्न झालंय का?"

वग्दीला हसावं की रडावं कळेना. "काका," तो मान खाली घालून म्हणाला, "तो वग्दी मीच."

म्हाताऱ्याने त्याच्या हातातली नळी काढून घेऊन लांब झुरका मारला.

"शुक्रवारी घरच्यांना घेऊन ये. लग्न ठरवून टाकू."

वग्दीचा जीव भांड्यात पडला. तरी न राहवून तो म्हणाला, "पण काका, तुमच्या गल्लीतल्या कॉफीखान्यात माझा मामा चौकशीला गेला, तेव्हा त्याला सांगितलं, तुम्ही हुक्क्याला शिवतसुद्धा नाही."

"मग?" म्हातारा धूर सोडत म्हणाला. "पढवून ठेवायची अक्कल काय तुला एकट्यालाच आहे?"